घराचा कुंभक

४ सप्टेंबर

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या खाली दबलेली एक तक्रार.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीसच ती. ‘या थंडीत आई तिथे राहणार नाही, ती माझ्याकडे येईल.’ पूर्णविराम. मुख्य परिचारिका म्हणून माणसांना दटावण्याची जन्मभराची कमाई तू एका ओळीत ओतलीस. मी तुझ्या वॉर्डातला पेशंट नसून थोरला भाऊ आहे, एवढं नम्रपणे नमूद करतो आणि मुद्द्यावर येतो.

मुद्दा खरा आहे. मागच्या हिवाळ्यात आईला न्यूमोनिया झाला, आणि पुन्हा झाला तर निभावणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. ‘मास्तर, घर गरम ठेवा.’ मी बॉयलर अखंड चालू ठेवला. गरम झाली ती गल्ली. बिल आलं तेव्हा मला वाटलं, कोपऱ्यावरच्या बेकरीचं चुकून आपल्याकडे टाकलं. आपल्या या घरात वारा पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा राहतो.

पण घर थंड आहे म्हणून आईला उचलायचं, हा कुठला न्याय? पादत्राण चावतं म्हणून कोणी पाय बदलत नाही. तेव्हा माझा प्रस्ताव असा. मी घर दुरुस्त करून घेतो. माळ्यावर ऊब अडवणारी लोकर, खिडक्यांना दुहेरी काचा, दारांच्या फटी बंद. डिसेंबरच्या मध्यापर्यंत आईच्या खोलीत ऊब टिकली तर आई इथे राहील. नाही टिकली, तर मी स्वतः तिला तुझ्याकडे आणून सोडीन, आणि तोंडातून ब्र काढणार नाही.

हे सगळं पत्रातच राहू दे. फोन तिच्या खुर्चीशेजारी आहे. बारीक अक्षर आता तिला दिसत नाही, पण त्याची सगळी वसुली ती कानांकडून करते. उगीच तिच्या जिवाला घोर नको.

तुझा,
दादा

११ सप्टेंबर

दादा,

नमस्कार. पाय वगैरे फोनवर धरीन.

पैज कबूल. पण कारागीर तू निवडणार, हीच भीती आहे. मागे नळ दुरुस्त करायला तू जो माणूस आणला होतास, तो फार सुंदर बोलायचा. नळ अजून गळतो ना?

तेव्हा नीट ऐक. आधी घर तपासून घे, म्हणजे ऊब कुठून पळते ते कळेल. मग निदान तिघांना बोलाव. परवाना बघ. काय करणार, कोणतं सामान घालणार, नंतर बिघडलं तर कोण येणार, हे सगळं कागदावर घे. त्यांनी आधी केलेलं एखादं घर स्वतः जाऊन बघ आणि तिथल्या बाईला विचार, बाप्याला नको. बाप्ये ‘ठीक आहे’ म्हणतात.

तुझं पत्र वाचताना अण्णांची आठवण आली. पानगळ सुरू झाली की ते पिठाची खळ शिजवायचे आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या कापायचे. तू कात्रीवर, मी खळीवर. सगळ्या खिडक्यांच्या फटींवर पट्ट्या चिकटवल्या की ते हात झटकून म्हणायचे, ‘आता येऊ दे हिवाळा, बघतो त्याला.’ माझ्या पलंगाशेजारच्या खिडकीवर एका वर्षी अर्धीच बातमी आली होती. कोणीतरी घरातून निघून गेला होता, आणि पुढचं वाक्य तू कापून दुसऱ्या खिडकीला लावलं होतंस. मी अख्खा हिवाळा त्या माणसाची काळजी करत झोपले. अण्णा गेल्यावर सामान आवरताना तो खळीचा ब्रश मी इकडे आणला. कपाटात आहे, कशासाठी ते विचारू नकोस.

इथे आईची खोली मी तयार ठेवली आहे. नववा मजला, दिवसभर ऊन, हवेची एक झुळूक नाही. पलंगावर नवीन चादरही घातली. पैज आपल्या जागी.

तुझी,
ठमी

२६ सप्टेंबर

चि. ठमाबाईंस,

तुझ्या आज्ञेप्रमाणे घराची परीक्षा झाली. ती कशी होते ते ऐक, कारण मी इतका हसलो नव्हतो कित्येक वर्षांत.

तपासनीस म्हणून एक उंच, गंभीर बाई आली. तिने पुढच्या दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवलं, त्यात भला मोठा पंखा लावला, आणि बाकीची सगळी दारं-खिडक्या बंद करून घराची हवा बाहेर ओढायला सुरुवात केली. म्हणजे बघ, घराकडून प्राणायामच. रेचक उत्तम झाला. पण श्वास रोखायची वेळ आली की आपलं घर धापा टाकायला लागे. बाई हातात धुराची कांडी घेऊन भिंतीभिंतीने फिरत होती आणि प्रत्येक फटीशी धूर नाचत होता. स्विचांच्या मागून वारा. माळ्याच्या झाकणातून वारा. भिंतीतल्या कपाटात माझ्या शब्दकोशांच्या मागूनसुद्धा वारा, पण तिथे सगळ्यांत कमी. ‘तुमचं पुस्तकांचं कपाट हीच तुमची सगळ्यात चांगली भिंत आहे,’ बाई म्हणाली. आयुष्यात विद्येचा एवढा गौरव माझा कोणी केला नव्हता. निकाल : कुंभकात साफ नापास.

मग कारागीर. पहिल्याने चकचकीत पुस्तिका दिली आणि प्रत्येक वाक्यात ‘पॅकेज’ म्हणाला. दुसऱ्याने घर न बघता फोनवरच आकडा सांगितला. तिसरा आला तो माझाच विद्यार्थी निघाला. शाळेत त्याला सगळे कासव म्हणत. आता त्याच्या गाडीवरही कासवच रंगवलेलं आहे, म्हणजे अपमानाचं त्याने दुकान केलं.

‘किती दिवस लागतील रे?’ मी विचारलं.

‘उघडून बघितल्याशिवाय काय सांगू, सर? तुम्हीच म्हणायचात, प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका.’

‘तू कधी उत्तर लिहिलंस?’

‘नाही सर. प्रश्नच वाचत बसायचो.’

परवाना बघितला. त्याने केलेलं घर बघितलं, आणि तुझ्या सूचनेनुसार तिथल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, ‘काम चोख. बोलावलं की येतो. फक्त आला की जात नाही.’ काम कासवाला दिलं. सगळं लेखी घेतलं आहे. त्याच्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून परत दिलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जुनीच भीती दिसली.

तुझा,
दादा

३ ऑक्टोबर

दादा,

कासवाच्या नावाला मी हसणार नाही. मला ठमी नाव कोणी ठेवलं ते मला माहीत आहे.

एक सांग. आई काय म्हणते? तिच्या घरात एवढी तोडफोड होणार म्हटल्यावर तिने तुला फाडून खाल्लं असेल. तुझ्या जागी मी असते तर आठवडाभर शाळेत मुक्काम केला असता. तिला काय सांगितलंस?

ठमी

१९ ऑक्टोबर

चि. ठमीस,

आईला एवढंच सांगितलं की घराची जरा डागडुजी करतोय. आणि तुला आश्चर्य वाटेल, ती काहीच बोलली नाही. ‘तुम्हाला बरं वाटेल तसं करा,’ म्हणाली. तुम्हाला! जिने अण्णांना दरवाजाला नवीन कडी लावण्यासाठी सहा महिने अर्ज करायला लावला, ती कासवाला म्हणते, ‘तुझ्या सोयीने कर, बाळ.’ वयाने माणूस मवाळ होतो, असं मी ऐकून होतो. प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहिलं.

काम जोरात आहे. म्हणजे कासवाच्या मानाने. माळ्यावर लोकर अंथरून झाली. तो आणि त्याची दोन माणसं वरून उतरतात तेव्हा बर्फात लोळलेल्या अस्वलांसारखी दिसतात. बॉयलरच्या नळ्यांना जाड आवरण घातलं. परवा जुन्या खिडक्या काढल्या. आणि ठमे, चौकटींच्या खाली अण्णांच्या पट्ट्या निघाल्या. थरावर थर, प्रत्येक हिवाळ्याचा एक. खळ दगडासारखी झालेली. कासव खरवडायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि सुट्टी घेऊन दिवसभर स्वतः पात्याने सोडवत बसलो. तुझा तो निघून गेलेला माणूस शोधत होतो. सापडला नाही. एका पट्टीवर मात्र तुझ्या चार बोटांचे ठसे आहेत, खळीत उमटलेले. इवलीशी बोटं. ती पट्टी मी जपून ठेवली आहे, पण त्याबद्दल जास्त विचारू नकोस. ब्रश तुझ्याकडे, बोटं माझ्याकडे.

आईसुद्धा आवराआवर करते आहे, कामगारांना जागा व्हावी म्हणून. मोठी परात समोरच्या मावशींना दिली. शिडी, जुना लोखंडी स्टूल, दोन रजया, सगळं वाटून टाकलं. मी म्हटलं, ‘अगं, लागेल.’ तर म्हणाली, ‘आता कशाला?’ घर मोकळं होतंय. बरं वाटतं.

तुझा,
दादा

८ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र मी वॉर्डात वाचलं आणि मग औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून बसले. बोटांचं काय ते तू लिहायला नको होतंस.

आई सामान वाटते आहे हे मात्र मला चांगलं लक्षण वाटलं. रागावू नकोस. मला वाटतं तिला मनातून कळलंय की तिला इकडे यायचं आहे, आणि तिची त्याला हरकत नाही. माणूस उगीच स्टूल देत नाही. मी तिच्यासाठी हात धरायला स्नानगृहात दांडी बसवून घेतली. तुझे मेहुणे पुन्हा जहाजावर गेले, मुलं वसतिगृहात. संध्याकाळी दार उघडून आत आले की घर अगदी जसंच्या तसं असतं, सकाळी ठेवलेला कप तिथेच.

ऊब किती टिकते ते कळव. खरं कळव.

ठमी

२४ नोव्हेंबर

चि. ठमीस,

खरं कळवतो. पैज मी हरलो.

काम संपलं. नव्या दुहेरी काचा बसल्या, दारांना रबराच्या कडा बसल्या. तपासनीस बाई पुन्हा पंखा घेऊन आली, आणि घराने असा कुंभक साधला की धुराची कांडी योग्यासारखी स्थिर. बाईने माझ्याशी हस्तांदोलन केलं. त्या दिवशी संध्याकाळी घरात अशी शांतता आणि अशी ऊब होती की मी चपला शोधायला विसरलो. घड्याळाची टिकटिक स्वयंपाकघरातून ऐकू येत होती.

आणि तरीही रोज शाळेतून घरी येतो तेव्हा आईची खोली गार. बाकी घर उबदार, आणि नेमकी तीच खोली गार. रेडिएटर तापलेला, भिंत गार, आईचे हात गार. तिला विचारलं तर म्हणते, ‘मला नाही बाई वाटत थंडी.’ सकाळी मी निघतो तेव्हा खोली चांगली असते.

मी कासवाला बोलावलं आणि वर्गात बोलायचो तसं बोललो. तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला. मग त्याने त्या खिडकीच्या सगळ्या कडा उपसून पुन्हा भरल्या. तरी तेच. मग त्याने काचवाल्याला शिव्या घातल्या, काचवाल्याने चौकटवाल्याला. शेवटी कासव म्हणाला, ‘सर, या खोलीत काहीतरी आहे.’ म्हटलं, ‘काय, भूत?’ म्हणाला, ‘मी भुतांची गॅरंटी देत नाही.’ घर परीक्षेत पास आणि व्यवहारात नापास. माझ्या अनेक विद्यार्थ्यांसारखंच.

मी दिलेला शब्द पाळतो. पुढच्या महिन्यात तू ये, आपण दोघं मिळून आईला तुझ्याकडे पोचवू. ब्र काढणार नाही म्हणालो होतो, म्हणून इथेच थांबतो.

दादा

२९ नोव्हेंबर

दादा,

तू इतके ग्रंथ वाचलेस, इतक्या लोकांना टीका लिहायला शिकवलंस, आणि सकाळी गरम असलेली खोली तू शाळेत गेल्यावर गार होते, याचा अर्थ तुला लागेना? अरे, घरात तेव्हा कोण असतं?

आई खिडकी उघडते, दादा.

भूत नाही, काचवाला नाही. विसरलास का? अण्णा सगळ्या खिडक्यांना पट्ट्या लावायचे, पण रस्त्याकडच्या या एका खिडकीला आई हात लावू द्यायची नाही. ‘मग कोण आलं, कोण गेलं, मला कळायचं कसं?’ दर वर्षी त्यावरून भांडण. दर वर्षी अण्णा हरायचे आणि त्या खोलीत कोट घालून बसायचे. तू त्या वेळी परीक्षेचा अभ्यास करत असायचास, त्यामुळे जगाचं तुला काही माहीत नव्हतं.

आता तुझ्या त्या दुहेरी काचेतून काय ऐकू येतं सांग? काहीच नाही. तूच लिहिलंस, घड्याळाची टिकटिक. तिला दिसत नाही फारसं, कानांवर जगते असं तूच लिहिलंस, आणि तिचे कानच तू कासवाकडून बुजवून घेतलेस. मीही त्यात आले, मीच तर पैज कबूल केली.

मी पाच तारखेला येते. तू तिला काही विचारू नकोस. तू विचारलंस तर व्याख्यान होईल. शाळेत जा, नेहमीसारखा. मी बघते.

ठमी

१४ डिसेंबर

दादा,

काल रात्री घरी पोचले. गाडी वेळेवर होती. तुझ्यासमोर हे बोलता आलं नाही, कारण ती ऐकत होती. म्हणून लिहिते.

तू शाळेत गेलास, तिने दार लागल्याचा आवाज ऐकला, आणि उठली. शाल डोक्यावरून घेतली, तुझी जुनी कानटोपी त्यावर चढवली, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि ती नवी कोरी खिडकी सताड उघडली. मी दारात उभी होते. तिला माहीत होतं मी उभी आहे ते.

‘ये, बस,’ म्हणाली. ‘आता कारखान्याची पाळी सुटेल.’

सुटली. माणसं चालत गेली, बोलत गेली. एक सायकल कुरकुरत गेली. ‘अजून तेल घालत नाही मेला,’ आई म्हणाली, ‘वर्षभर सांगते आहे. त्याची आई असती तर घातलं असतं.’ मग शाळेची पोरं, मग समोरच्या मावशींचं फाटक, मग कोणाचातरी खोकला. ‘हा बरा होत नाही,’ म्हणाली, ‘त्याला म्हणावं डॉक्टरकडे जा.’ सगळा रस्ता तिच्या ओळखीचा आहे, दादा, आणि मला एकही माणूस माहीत नाही.

मी परिचारिका आहे, मला राहवलं नाही. म्हटलं, ‘आई, बंद कर. पुन्हा न्यूमोनिया झाला म्हणजे?’

‘किती दिवस उरलेत?’ तिने विचारलं.

मी म्हटलं, ‘असं काय बोलतेस?’

‘माझे नाही गं. घराचे. घेणारे कधी येणार आहेत?’

‘कोण घेणारे?’

‘घर घेणारे. मला काय कळत नाही? समोरच्यांच्या पलीकडच्यांनीही आधी माळा साफ केला, मग खिडक्या बदलल्या, मग विकायची पाटी लावली. स्वतःसाठी म्हातारपणी कोणी खिडक्या बदलतं का? तुम्ही दोघं एकमेकांना पत्रं लिहिता, फोनवर गप्प असता. विका ना. मी नाही म्हटलं का? तुमच्या सोयीने करा. मी माझं सामानही कमी केलंय. पण असेपर्यंत मला ऐकू दे.’

दादा, आपण तिच्या जिवाला घोर नको म्हणून लपवलं. आणि तीन महिने ती बाई आपलं घर विकलं जातंय असं समजून, एका शब्दानेही न विचारता, परात आणि रजया वाटत बसली. आपल्याला वाटलं ती मवाळ झाली. मला वाटलं तिला माझ्याकडे यायचंय. आपल्याइतकी शहाणी मुलं कोणाला होऊ नयेत.

मी सांगितलं तिला, घर विकायचं नाहीये. ‘बरं,’ म्हणाली. तिचं ते ‘बरं’ तुला माहीत आहे. लहानपणी आपण दात घासले म्हणून सांगायचो तेव्हाचं. माझ्यावर तिचा विश्वास बसलेला नाही. घर तुझ्या हातात आहे, म्हणून ती तुझ्याकडूनच ऐकून घेईल. तू सांग. तोंडाने सांग, आणि प्रस्तावना करू नकोस.

पैजेचं म्हणशील तर आज सकाळी मी इथली खिडकी उघडली. नवव्या मजल्यावर फक्त वारा असतो. खाली माणसं दिसतात, पण त्यांचा आवाज वर येत नाही. तिच्यासाठी घातलेली चादर काढली आणि घडी करून ठेवली. तिला थंडी लागेल म्हणून बोलावत होते, हे खोटं नव्हतं. पण संध्याकाळी दार उघडल्यावर घरात कोणीतरी असावं, हेही होतं. ते तुला कधी लिहिलं नव्हतं.

आई तिथेच राहू दे. पण ती खिडकी आणि तो न्यूमोनिया, या दोघांचं काहीतरी बघ.

ठमी

२१ डिसेंबर

चि. ठमीस,

तुझं पत्र शाळेत मिळालं. शेवटचा तास मी घेतला नाही. सेवेत पहिल्यांदाच.

घरी आलो, बूट न काढता आईसमोर बसलो. प्रस्तावना करायची नाही, हे पाठ करत आलो होतो. तरी तोंड उघडल्यावर बाहेर पडलं, ‘आई, घर या शब्दाचा अर्थ...’ ती म्हणाली, ‘किती मुदत दिली आहे त्यांनी?’ तेव्हा अर्थ तिथेच टाकून दिला. म्हटलं, ‘घर विकायचं नाही. कधीच विकायचं नव्हतं. तुला ऊब मिळावी म्हणून केलं सगळं. नाहीतर ठमी तुला घेऊन जाणार होती.’

‘मग मला विचारलं का नाहीत?’

त्या क्षणी एकही श्लोक आठवला नाही.

‘म्हणजे मी इथेच?’

‘इथेच.’

‘आणि ठमी?’

‘उन्हाळ्यात जा तिच्याकडे. महिनाभर राहा.’

‘आणि परत यायचं?’

‘परत यायचं.’

ती उठली. नव्या चौकटीवरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू ती खिडकी आजच बसवली होती. मग म्हणाली, ‘चहा टाक. साखर कमी घालतोस हल्ली.’ साखर मी गेली दहा वर्षं तेवढीच घालतो. पण आजवर ती बोलली नव्हती.

ठमे, माझंही एक लिहून टाकतो. आई गेली असती तर घर उबदार राहिलं असतं, आणि मी त्यात कोशांबरोबर बसलो असतो. तू एकटी होतीस म्हणून तुला ती हवी होती. मीही काही वेगळ्या कारणासाठी भांडत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी कासवाला बोलावलं. आधी त्याची माफी मागितली, त्याने ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाला, ‘सर, हे लेखी मिळेल का?’ मग त्याने खिडकीचा अभ्यास केला. आता त्या खिडकीच्या एका कडेला एक छोटी झडप बसते आहे, खुर्चीत बसलेल्या आईच्या कानाच्या उंचीवर, तळहाताएवढी. उघडली की रस्ता आत येतो, थंडी मात्र पूर्ण येत नाही. डॉक्टरांना विचारलं. पाळी सुटताना आणि शाळा भरताना थोडा वेळ, टोपी घालून, नंतर बंद, एवढं त्यांनी मान्य केलं. घर आता थोडं गळेल. तपासनीस बाईला कळवू नकोस.

परातीसाठी, शिडीसाठी आणि रजयांसाठी मी काल संध्याकाळी दारोदार फिरलो. मावशी म्हणाल्या, ‘मी म्हटलंच होतं, घर विकणारी बाई रोज सायकलवाल्याला ओरडत नाही.’ आपल्या दोघांपेक्षा गल्लीला जास्त माहिती होती.

आणि काल रात्रीपासून आमची जुनी आई परत आली आहे. सकाळी उठून तिने माळ्याचं झाकण बघितलं आणि वाकडं आहे म्हणाली. बाहेरच्या दाराची कडी उलटी लावली म्हणाली. ती उलटी आहे. मग खिडकीपुढे उभी राहिली.

‘हा रंग कोणी निवडला?’

‘मी,’ मी म्हटलं. तपकिरी आहे, मला तो भारदस्त वाटला होता.

‘चहा सांडून वाळल्यासारखा दिसतो. घेणाऱ्यांना आवडला असेल म्हणून गप्प बसले होते. बोलाव त्या कासवाला.’

कासव आला, रंगांचे नमुने घेऊन. त्या वेळेपासून आई ते कार्ड हात लांब करून उजेडात धरते आहे, डोळे मिटते, उघडते, पुन्हा धरते. मी म्हटलं, ‘ठमीला पत्र लिहितोच आहे, तिलाही विचारू का, निळा की हिरवा?’

‘काही कोणाला विचारू नकोस,’ ती म्हणाली. ‘माझ्या खिडक्या आहेत. मी ठरवते.’

दुपार झाली, अजून ठरलेलं नाही. कासव बाहेर पायरीवर बसला आहे, त्याला घाई नाही.

तुझा,
दादा